खाकी कागदावरचं इंजिन

आमच्या घरात माझ्यापेक्षा जीपला जास्त मान आहे, हे मी लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला ओळखलं. मला नवी साडी होती, पण जीपला नवा रंग होता. सासरे, म्हणजे आमचे मामा, आदल्या दिवसापासून बॉनेटमध्ये डोकं घालून बसलेले. इंजिन रॉकेलनं पुसायचं, चंदेरी ऑइलपेंटचा हात मारायचा. मग इंजिनाच्या एका अंगाला चार बोटं रुंदीची सपाट जागा आहे, तिच्यावर लाल रंगानं स्वस्तिक काढायचं, हळदकुंकू वाहायचं आणि नारळ फोडायचा. बाकी सगळीकडे नळ्या, वायरी आणि नटबोल्ट. स्वस्तिक नीट उमटावं अशी तेवढी एकच जागा, आणि तिथं कुणी हात लावायचा नाही, असा मामांचा हुकूम. मी दर वर्षी त्यांची थट्टा करायचे आणि ते दर वर्षी माझ्याकडे दुर्लक्ष करायचे. आमचं चांगलं चाललं होतं.

आमचं गाव पालीच्या पुढं, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत आहे. एसटी फाट्यापर्यंत येते, तीही तिच्या मर्जीनं. फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता कपाशीच्या आणि तुरीच्या रानांमधून जातो आणि त्यावर दिवा असा एकही नाही. म्हणून बीडच्या कॉलेजात जाणाऱ्या आमच्या गावच्या पोरी मामांच्या जीपमधून जातात आणि संध्याकाळी तिच्यातूनच येतात. नवरा माझा पुण्याला कंपनीत. मी घरी ब्लाउज शिवते. सकाळी पोरी भरून गाडी गेली की माझी मशीन सुरू होते आणि संध्याकाळी गाडीचा आवाज आला की थांबते.

या पोरींमधली एक शेजारची. तिचे आईबाप दर वर्षी ऊसतोडीला जातात. लहान होती तोवर तीही त्यांच्यासोबत फडावर जायची, भावाला सांभाळायची, भाकरी थापायची. दहावीनंतर मी तिच्या आईला म्हटलं, हिला माझ्याजवळ ठेव. तेव्हापासून हंगामभर ती आमच्याकडे राहते, माझ्या शेजारी झोपते आणि सकाळी जीपमध्ये पुढच्या सीटवर बसते. फार गुणी वगैरे आहे असं काही नाही. बडबड करून डोकं उठवते, माझ्या डब्यातले शेंगदाणे संपवते आणि हुक लावायला बसवली तर निम्मे वाकडे लावते. पण अभ्यास करते, आणि मला तिचा लळा लागला आहे, हे सांगून टाकते. यंदा तिची बारावी.

दसरा होऊन आठवडाही झाला नसेल. संध्याकाळी येताना पाली मागं टाकून जीप चढाला लागली आणि बॉनेटमधून पांढरी वाफ निघायला लागली. मामांनी गाडी बाजूला घेतली. पोरींनी आपापल्या बाटल्यांतलं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं, ते सगळं कुठं गेलं कुणास ठाऊक. गाडी एकदा खोकली आणि गप्प झाली. मामांच्या फोनची बॅटरी नेहमीप्रमाणे उतरलेली. ते पोरींना घेऊन चालत निघाले. गावाजवळ येईपर्यंत अंधार पडला होता. शेजारचा, या पोरीचा बाप, हातात बॅटरी घेऊन अनवाणी शोधायला निघालेला त्यांना वाटेत भेटला.

तो चिडला नाही. चिडला असता तर मी त्याला पुरून उरले असते. तो आमच्या अंगणात आला, उंबऱ्याशी उभा राहिला आणि खाली बघत मामांना म्हणाला, "मामा, तुमच्या जिवावर पोरगी ठिवीत आलतो. गाडी चालू झाली तर यंदाबी ठिवतो. न्हाई तर मंग संगं नेतो."

"आन् परीक्षा कोन देनार? तुझा कोयता?" मी आतून ओरडले.

"ताई, फाट्यापासून पोरगी अंधारात एकली येनार. मी तिकडं कोल्हापूरला फडात. मला डोळा लागंल का सांगा." एवढं बोलून तो गेला. त्याचं चुकलं असं मला म्हणता येईना, म्हणून मला आणखीच राग आला. तोडकऱ्यांना न्यायला मुकादमाचा ट्रक पुढच्या आठवड्यात येणार होता.

जीप ट्रॅक्टरला बांधून अंगणात आणली. फाट्यावरचा मिस्त्री आला. हंगाम तोंडावर आलेला, त्याच्या शेडपुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, तरी बिचारा मोटरसायकलवर ओरडत आला. "आर्धा तास हाय माझ्याजवळ, काय ते बोला." त्यानं इंजिन खोललं. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, हे मला तेव्हा कळलं. ते तडकलं होतं. झाकण आणि खालचा ठोकळा यांच्यामध्ये कुकरच्या रिंगसारखी गॅसकेट असते, तिचे जळून तुकडे झाले होते. इतक्या जुन्या जीपचं नवं हेड मिळणार नाही, बीडला जुन्या पार्टांच्या दुकानांत चालू गाडीचं उतरवलेलं बघा, असं त्यानं सांगितलं आणि तो ट्रॅक्टरांकडे पळाला.

मामा दुसऱ्याच दिवशी तडकलेलं हेड पोत्यात बांधून बीडला गेले आणि संध्याकाळी दुसरं हेड पोत्यात बांधून आले. चेहरा असा की सोयरीक जमवून आलेत. दुकानदार लई भला माणूस, त्यानं चहा पाजला, गाडीचं आरसी बुक बघितलं, त्यावरची कंपनी आणि साल बघितलं आणि हेड काढून दिलं. जुनं हेड मामांनी तिथंच भंगारात टाकलं, उगाच वजन कशाला आणायचं म्हणून.

मिस्त्रीला पुन्हा बोलावलं. त्यानं ते हेड इंजिनावर ठेवलं. बोल्ट एकेक करून सगळे भोकांत बसले. मामांनी मिशीवरून हात फिरवला. मिस्त्रीनं हेड परत उचललं, उलटं केलं, खालच्या ठोकळ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"हे न्हाई चालायचं."

"कावून? बोल्ट बसले की समदे!"

"बोल्टांचं काय घिऊन बसलात मामा. पान्याची भोकं बघा. खाली या टोकाला दोन हायत, वर एकच. पानी फिरनार न्हाई. पालीपत्तोर जाईल आन् पुन्हा तडकंल." मग त्यानं विचारलं, "दुकानात इंजिनाचा नंबर कोनता सांगितला?"

"आरसीवर हाय तो."

"आरसीवरचा न्हाई वो. इंजिनावरचा. इंजिनावर ठोकलेला असतोय."

"कुठं असतोय?" मामांनी विचारलं. इतकी वर्षं गाडी चालवून हा प्रश्न. मिस्त्रीनं टॉर्च मारला. उजेड बरोबर स्वस्तिकावर पडला. वर झेंडूची एक सुकलेली पाकळीही चिकटलेली होती.

नंबर ठोकायला कंपनीला सपाट जागा लागते आणि स्वस्तिक काढायला मामांनाही सपाट जागाच लागते. दर दसऱ्याला एक थर चढत गेला होता. मला हसू फुटणार होतं, पण मामांचं तोंड बघून मी ते गिळलं. "देवाचं चिन्ह हाय," ते म्हणाले, "कसं खरवडू?"

"मी खरवडते."

"तू न्हाई." त्यांनी हात जोडले, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि थिनरची बाटली आणि पत्र्याचा तुकडा घेऊन स्वतः बसले. लालखाली चंदेरी, चंदेरीखाली पुन्हा लाल, मग पिवळं, मग कुठल्यातरी वर्षीचं हिरवं. मध्येच ते थांबायचे आणि म्हणायचे, "हे तुझी सासू होती तव्हाचं." सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. मी तिथून उठून उगाच चहा ठेवायला गेले.

शेवटी लोखंड लागलं. सुरुवातीची अक्षरं स्पष्ट होती, पुढचे आकडे गंजून गेले होते. मिस्त्रीनं आरसी आणि इंजिन यांची अक्षरं ताडून बघितली. जुळत नव्हती.

"मामा, इंजिन बदललेलं हाय. तुमी घ्यायच्या आदीच कुनीतरी बदललंय. गाडी एका कंपनीची, इंजिन दुसऱ्याचं. आदी गाडी चालू होऊ द्या, मंग आरटीओत नोंद करून घ्या."

चहाच्या प्रत्येक टपरीवर, प्रत्येक लग्नात, नारायणगडाच्या जत्रेत शेजारी गाडी लावणाऱ्या परक्या ड्रायव्हरलासुद्धा मामांनी एकच गोष्ट सांगितली होती. कंपनीचं इंजिन हाय, कुनाचा हात लागू दिला न्हाई. ज्यानं विकली त्यानं त्यांना तसं सांगितलं होतं आणि त्यांनी ते मानलं होतं. ते चाकाला टेकून बसले. हातात पत्र्याचा तुकडा तसाच. दुसरा कुणी असता तर मी दोन शब्द ऐकवले असते, पण त्या वेळी मला त्यांची फार माया आली. मी म्हटलं, "मामा, ज्याचं असंल त्याचं, इतकी वर्सं तुमीच पळवलं ना? मंग तुमचंच ते." त्यांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं.

मिस्त्री आता खरोखर घाईत होता. या जातीच्या इंजिनावर दोन तऱ्हेची हेडं येतात, तो म्हणाला, आणि आपल्यावर कुठलं ते पुढच्या आकड्यांवरून कळलं असतं. जुनं हेड असतं तर त्यावरून जोडी लावता आली असती, पण ते मामा भंगारात देऊन आलेले. गॅसकेटचे तुकडे. त्यानं फोनमध्ये ठोकळ्याचा फोटो काढला, पण फोटोत भोकं दिसतात, माप कळत नाही.

तेव्हा मी म्हटलं, "कटिंग काढू."

गावातल्या बायका मापाला जुना ब्लाउज आणून देतात. तो उसवायचा नसतो. मी त्यावर खाकी कागद ठेवून शिवणीवरून बोट फिरवते, कागदावर वळ उठतो आणि फर्मा तयार होतो. इथं तर ठोकळा आयता सपाट होता. मी मोठा खाकी कागद आणला आणि ठोकळ्यावर ताणून धरला. मिस्त्री हसला, पण त्यानं हाताला काळं ऑइल फासलं आणि कागदावरून तळवा फिरवला. एकेक भोक कडेकडेनं उमटत गेलं. मोठी चार, त्यांच्या भोवती बोल्टांची, आणि मध्ये मध्ये पाण्याची. टोकाला दोन होती ती दोन आली. मी कागदाची सुरनळी केली, माझी लोखंडी पट्टी पिशवीत टाकली आणि मामांना म्हटलं, "चला. उद्या मी बी येते."

बीडच्या त्या दुकानात हेडं फडताळांवर कांद्याच्या पोत्यांसारखी थप्पी लावून ठेवलेली. दुकानदार पांढऱ्या दाढीचा, डोक्याला जाळीची टोपी. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, पण त्यानं भांडूच दिलं नाही. मामांनी खरं काय ते सांगितलं तसं तो म्हणाला, "भाऊ, चूक माझी बी हाय. कागद बघून पार्ट दिला, इंजिनाची चौकशी केली न्हाई. हे ठिवा हितंच. बदलून देतो." आणि चहा सांगायला वळला.

"चहा हेड बघून झाल्यावर," मी म्हणाले. मामा ओशाळले. दुकानदार दाढीतल्या दाढीत हसला.

त्यानं नंबराची पहिली अक्षरं ऐकली आणि आतून दोन हेडं काढली. दोन्ही फरशीवर उलटी ठेवली. मी पहिल्यावर कागद पसरला. बोल्ट जुळले, पाणी जुळलं नाही. दुसऱ्यावर पसरला. बोल्ट जुळले. पाणी जुळलं नाही.

दुकानदारानं हात पसरले. "ताई, ह्या इंजिनाला तिसरं हेड येत न्हाई. तुमच्या कागदातच काहीतरी गफलत हाय."

मला जे वाटलं ते सांगते. मला त्या पोरीचं दप्तर दिसलं, ट्रकात पातेल्यांच्या आणि सरपणाच्या ढिगावर टाकलेलं. आणि मला सगळ्यांचा राग आला, मामांचा, त्या बापाचा, कंपन्यांचा, एकाच इंजिनाला दोन तऱ्हेची झाकणं करणाऱ्या त्या अज्ञात माणसाचा. रागानं मी कागद ओढला आणि घडी घालायला लागले. घडी घालताना ऑइलचे डाग माझ्या साडीला लागू नयेत म्हणून मी काळी बाजू पलीकडे केली, आणि हात थांबला.

नवीन शिकणाऱ्या पोरी बाह्या कापतात तेव्हा हमखास एक चूक करतात. फर्मा उलटवायचा विसरतात आणि दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापतात. मी त्यांना त्यावरून किती बोलले असेन! कागद मी ठोकळ्यावर वरून उमटवला होता. हेड त्या ठोकळ्यावर पालथं बसतं, आणि इथं ते माझ्यापुढं उताणं पडलेलं. फर्मा उलटवायला हवा होता. मी कपाळावर हात मारला, तर तिथंही ऑइल लागलं.

कागद पालथा केला, पहिल्या हेडावर ठेवला. टोकाचं एक भोक कोरड्या लोखंडावर आलं. दुसऱ्यावर ठेवला आणि कागदावरून बोट फिरवत गेले. प्रत्येक गोलाखाली बोट खचत होतं. टोकाच्या दोन्हीखाली खचलं. "मामा, इकडं या, तुमी बी फिरवा," मी म्हटलं. त्यांनी फिरवलं, दुकानदारानं फिरवलं, आणि मग आम्ही तिघंही विनाकारण हसायला लागलो.

तरी मी सोडलं नाही. मिस्त्रीनं बजावलं होतं तशी माझी पट्टी हेडावर आडवी, उभी, तिरपी धरून खालून उजेड येतो का ते बघितलं. वाकलेलं असतं तर फट दिसली असती. झडपांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत नख फिरवून चीर लागते का बघितलं, कारण तडकायला सुरुवात तिथूनच होते. दुकानदारानं स्वतःच हेड कलतं करून झडपांवर डिझेल ओतलं आणि खाली झिरपतं का ते दाखवलं. झिरपलं नाही. "आता तरी चहा?" त्यानं विचारलं. मी दोन कप प्याले.

मिस्त्री येईना. येतो म्हणायचा आणि ट्रॅक्टरात अडकायचा. तो आला तो ट्रक यायच्या आदल्या दिवशी. संध्याकाळपर्यंत हेड बसलं, गॅसकेट बसली, बोल्ट आवळले, पाणी भरलं. "रात्रभर ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, "गळतंय का बघू. सकाळी चालू करू."

सकाळी ट्रक आधी आला. शेजारच्या दारात उभा राहिला आणि माणसं सामान चढवायला लागली. पातेली, घोंगड्या, पत्रे, बाजेचे पाय, एक शेळी. इकडं अंगणात, मी पहाटेच उठवून आणलेल्या मिस्त्रीनं बोल्ट पुन्हा एकदा आवळले आणि मामांना खूण केली. मामांनी चावी फिरवली. इंजिन फिरलं, घुरघुरलं, बंद पडलं. पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदा इंजिनानं काळा धूर ओकला आणि धरलं. मिस्त्री रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का ते बघत राहिला, हातानं नळी चाचपत राहिला, आणि मग त्यानं मान डोलावली. मामा स्टिअरिंगवर हात ठेवून रडत होते. मी तिकडे बघितलं नाही.

मी शेजारी सांगायला पळाले आणि आमच्याच ओसरीवर ठेचकाळले. पत्र्याची एक पेटी होती. वर दप्तर, त्याच्यावर घडी केलेली गोधडी. त्या पोरीची पेटी मी ओळखते, तिच्या कडीला तिनं नेलपॉलिश लावलं आहे.

ट्रकापाशी तिची आई धाकट्याला कडेवर घेऊन उभी होती. मी विचारलं, "पेटी कव्हा आनून ठिवली तू?"

"पाटंच. तुमी मिस्त्रीला आनायला गेलता तव्हा."

"आन् गाडी चालू झाली नसती तर?"

"तर चालत गेली असती. म्यां तिच्या बापाला रातीच सांगितलं, यंदा पोरीला न्यायचं न्हाई."

"मंग रातीच मला सांगायचं न्हाई का? आमी जीव काढला हितं!"

"सांगितलं असतं तर मिस्त्रीला पाटं कोन उठवून आनलं असतं?" ती म्हणाली आणि हसली. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि दुसरीकडे बघायला लागली.

गाडी नीट चालते का ते ऐकायला मीही त्या दिवशी जीपमध्ये बसले. पोरी मागं, ती पुढं खिडकीशी, मी मध्ये. गावातून फाट्यापर्यंत रस्ता एकच, म्हणून आमच्यापुढं ट्रक आणि त्याच्या मागं आम्ही. ट्रकाच्या पाठीमागच्या फळीला टेकून तिची आई आमच्याकडे तोंड करून बसलेली, बाप तिच्या शेजारी. धूळ इतकी की मध्येच ते दिसत, मध्येच नाहीसे होत. सारखी बडबडणारी ती पोरगी डबा मांडीवर धरून पुढच्या काचेतून बघत होती.

फाट्यावर ट्रकाला एकीकडे वळायचं होतं आणि आम्हाला दुसरीकडे. ट्रक वळायला लागला तशी तिची आई अर्धवट उठून ओरडली, "डबा घेतला का गं?"

पोरीनं डबा खिडकीबाहेर काढून उंच धरला. ट्रक लांब गेला तरी तिनं हात खाली घेतला नाही. मामांनी गाडी तिथंच उभी केली, इंजिन चालू ठेवून. कॉलेजला उशीर होत होता.